बाळंतिणीची कंबर आणि आमची बेपर्वाई

हळदीचा हंगाम आला म्हणजे हिंगोली व वसमत येथील बाजारपेठांस जी शोभा येते, ती पाहून कोणाचेंहि मन प्रसन्न व्हावें. पिवळ्या राशींमागून राशी उभ्या राहतात, काटे अखंड चालतात, अडत्यांस व हमालांस बोलावयास फुरसत नसते. २०२४ सालीं वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर या मालाचें नांव दूरवर गेलें आहे, व त्याचा अभिमान आम्हांसहि आहे. परंतु ही हळद काट्यावर येण्यापूर्वीं ज्या हातांनीं ती मातींतून वेंचली, त्या हातांच्या मालकिणीच्या प्रकृतीची चौकशी कोणत्याहि बाजारांत होत नाहीं. उकरून काढलेल्या सरींत उकिडवें बसून, तसेंच पुढें सरकत कंद गोळा करणें, माती झाडून गड्डे व हळकुंडें वेगळीं करणें आणि भरलेलीं टोपलीं डोक्यावर घेऊन ढिगापर्यंत नेणें, हीं कामें बहुतांशीं बायकाच करितात. त्यांत कित्येकींस बाळंत होऊन दोन-तीन महिनेहि झालेले नसतात. तान्हें मूल बांधावर झोळींत निजलेलें असतें, आणि आई सरीच्या टोंकाशीं उठतांना एक हात गुडघ्यावर व दुसरा कमरेवर टेकते. तिला विचारावें तर ती म्हणते, "बाळंतपणापासून कंबर धरली आहे." सासूनें म्हणावें, "आम्हीं काय बाळंतपणें केलीं नाहींत?" नवऱ्यानें दुसरीकडे पाहावें, आणि प्रश्न तेथेंच मिटावा! तो तेथें मिटूं नये, एवढ्यासाठींच आजचा हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम हें दुखणें म्हणजे काय तें पाहूं. आपल्या ओटीपोटाभोंवतीं हाडांचें एक कडें आहे. तें एकसंध नसून तीन ठिकाणीं सांधलेलें आहे. पुढें, जेथें दोन्ही बाजूंचीं हाडें मध्यावर मिळतात तेथें एक सांधा. आणि मागें, पाठीचा कणा ज्या त्रिकोणी हाडावर उभा आहे त्याच्या दोहों बाजूंस एकेक सांधा. एरव्हीं हे सांधे इतके घट्ट असतात कीं ते आहेत याची आपणांस जाणीवहि नसते. पण गरोदरपणांत, मुलाचें डोकें बाहेर येण्यास वाट मिळावी म्हणून, त्यांचीं बंधनें निसर्गच सैल करितो. पुढच्या सांध्यांत साधारणतः चार-पांच मिलिमीटर अंतर असतें, तें या काळांत आणखी दोन-तीन मिलिमीटरांनीं वाढतें. सांध्यांचीं बंधनें सैल करणारें एक द्रव्य गाभण प्राण्याच्या रक्तांतच असतें, हें १९२६ सालीं फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकन शास्त्रज्ञानें गिनीपिगांवरील प्रयोगांनीं दाखवून दिलें. पुढें त्यास रिलॅक्सिन हें नांव पडलें. तथापि सारा दोष एकट्या या द्रव्याचा नव्हे. तें सर्वच गरोदर स्त्रियांत असतें, पण सर्वांच्या सांध्यांत दुखत नाहीं. सैल झालेल्या सांध्यांस आवळून धरण्याचें काम पोटाच्या, पाठीच्या व ओटीच्या तळाच्या स्नायूंनीं करावयाचें असतें. ते स्नायू बाळंतपणानें थकलेले व ताणलेले असतां सांध्यावर भार पडला, कीं दुखणें सुरू होतें. ज्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली आहे, त्या चाकावर शहाणा गाडीवान पुरा भार घालीत नाहीं. तो आधीं धाव बसवून घेतो. चाकाच्या बाबतींत जें आम्हांस समजतें, तें बायकोच्या बाबतींत समजूं नये, ही खेदाची गोष्ट होय.

या दुखण्याचीं लक्षणें ओळखण्यास मोठें पांडित्य नको. ओटीच्या खालच्या हाडावर, कमरेच्या खालीं एका किंवा दोन्ही बाजूंस, क्वचित् मांडीच्या आंतल्या अंगास कळ येते. अंथरुणांत कूस बदलतांना, एका पायावर उभें राहून परकर घालतांना, जिना चढतांना, एस्‌टीच्या उंच पायरीवरून उतरतांना, उकिडव्या बैठकींतून उठतांना ती विशेष जाणवते. बाई उताणी निजून पाय गुडघ्यांत न वाकवितां वीतभर उचलूं पाहील तर तो शिशासारखा जड वाटतो. आणि दुसऱ्या बाईनें दोन्ही बाजूंनीं खुबे हातांनीं आंत दाबून धरले असतां तोच पाय पुष्कळदां सहज उचलला जातो. वैद्यकांत हीच परीक्षा या दुखण्यासाठीं वापरतात. सांध्यास आधार मिळाला म्हणजे पाय हलका होतो, यावरूनच दुखण्याचें मूळ कोठें आहे तें उघड होतें. हें दुखणें विरळाहि नाहीं. युरोपांतील तज्ज्ञांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत, गरोदर स्त्रियांपैकीं सुमारें पांचांत एकीस तें होतें असें नमूद आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, बहुसंख्य स्त्रिया बाळंतपणानंतर कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत त्यांतून बऱ्या होतात. थोड्यांचेंच दुखणें लांबतें. या थोड्यांची संख्या आपण आपल्या वागणुकीनें वाढवावी कीं घटवावी, एवढाच काय तो प्रश्न आहे.

आतां आमच्या चालीरीतींकडे वळूं. जुनें तें सर्व टाकाऊ असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हों. बाळंतिणीस माहेरीं नेणें, सव्वा महिना तिला जड कामास हात लावूं न देणें, तेलानें अंग चोळणें, अळिवाचे व डिंकाचे लाडू देणें, या चालींत पुष्कळ दया व पुष्कळ व्यवहारज्ञान आहे. आणि ज्या घरांत हा सव्वा महिना मिळतो तेथील बाई भाग्यवानच म्हटली पाहिजे. पण या रीतींत तीन दोष आहेत, ते स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. पहिला असा कीं, विश्रांति पंचांगाकडे पाहून मोजली जाते, शरीराकडे पाहून नव्हे. चाळिसाव्या दिवशीं जिला घागर उचलूं देत नाहींत, तिच्याकडून पंचेचाळिसाव्या दिवशीं दोन घागरी, दळण, सरपण व शेत अशीं सर्व कामें एकदम घेतात. दुसरा दोष पोट बांधण्याच्या पद्धतीचा. आधार देण्याची कल्पना योग्यच आहे. परंतु फडकें पोटावर करकचून आवळल्यानें सांध्यांस आधार मिळत नाहीं. तो पट्टा कमरेच्या खालीं, खुब्यांभोंवतीं, चालतांना आधार वाटेल पण श्वास कोंडणार नाहीं इतपत बांधला पाहिजे, व निजतांना सोडला पाहिजे. तिसरा दोष अंधाऱ्या खोलीचा. सूर्यप्रकाशावांचून शरीरास ड जीवनसत्त्व मिळत नाहीं, आणि त्यावांचून अन्नांतील चुना हाडांस लागत नाहीं. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस कोंडून ठेवणें व तिच्या ताटांतून डाळ, भाजी व ताक काढून घेणें म्हणजे दुखऱ्या हाडांची उपासमार करणें होय.

मग करावें काय? ज्या हालचालींनीं कडें पिळलें जातें त्या कांहीं दिवस टाळाव्या, हा पहिला नियम. लुगडें किंवा परकर बसून नेसावा. कूस बदलतांना गुडघे जुळवून ठेवावे व सारें अंग एकदम वळवावें. निजतांना दोन्ही गुडघ्यांमध्यें उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवावी. जिन्यावर एका वेळीं एकच पायरी चढावी. मोटारसायकलवर एका बाजूस पाय सोडून बसूं नये. मूल एकाच कडेवर घेऊन फिरूं नये, तें छातीशीं मध्यावर धरावें. घागर, टोपलें व सरपणाची मोळी वाहणें दुखणें असेतोंवर सर्वस्वी बंद असावें. बैठी कामें ओट्यावर किंवा पाटावर बसून करावीं, तासन् तास उकिडवें बसूं नये. शौचास उकिडवें बसणें असह्य होत असेल तर मध्यें भोंक पाडलेली साधी खुर्ची ठेवावी. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र सतत निजून राहणें हाहि उपाय नव्हे. त्यानें स्नायू अधिकच दुबळे होतात. थोडें चालावें, थोडें बसावें, आणि कळ येण्यापूर्वीं थांबावें.

दुसरा नियम व्यायामाचा. हें वाचून कित्येक वडीलधारीं माणसें हंसतील. "बाईला व्यायाम कशास? दिवसभर राबतेच कीं!" असें ते म्हणतील. पण राबणें व व्यायाम यांत मोठें अंतर आहे. राबण्यांत दुखऱ्या सांध्यावर भार पडतो; व्यायामानें त्या सांध्यास धरून ठेवणारा स्नायू तयार होतो. उताणें निजून, गुडघे वाकवून, लघवी रोखून धरावी तसा ओटीचा तळ आंत ओढावा, श्वास चालू ठेवून पांच-सात अंक मोजावे व सोडावें. बेंबीखालचें पोट हळूच आंत घेऊन तसेंच करावें. गुडघ्यांमध्यें उशी धरून ती हलकेच दाबावी. हे प्रकार दहा-दहा वेळां, दिवसांतून दोन-तीनदां केले असतां पुष्कळ फरक पडतो. नॉर्वे देशांत अशाच दुखण्याच्या ८१ बाळंतिणींवर झालेला प्रयोग २००४ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांस सांधे स्थिर करणारे विशेष व्यायाम, प्रत्येकीस पाहून, वीस आठवडे शिकविले. बाकीच्यांस असे व्यायाम वगळून इतर उपचार दिले. विशेष व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचें दुखणें स्पष्टपणें अधिक कमी झालें व तो गुण पुढेंहि टिकला. या उपायास महागडें यंत्र लागत नाहीं. शिकविणारें माणूस, चटई व रोजचा पाऊण तास एवढेंच लागतें. आमच्याकडे तुटवडा आहे तो त्या पाऊण तासाचा!

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. प्रत्येक कंबरदुखी ही याच जातीची असते असें समजून घरीं बसूं नये. ताप असेल, अंगावरून दुर्गंधियुक्त जात असेल, एकच पाय सुजून दुखत असेल, पाय टेकवेनासा झाला असेल, लघवी किंवा शौच यांवरचा ताबा गेला असेल, जांघेंत बधिरपणा आला असेल, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. दुखणें रात्रीं वाढत असेल व वजन उतरत असेल तर क्षयाचाहि विचार करावा लागतो. हा रोग हाडांसहि होतो. साऱ्या अंगाचीं हाडें दुखत असून चालणें बदकासारखें झालें असेल तर हाडें मऊ पडलीं नाहींत ना, हें तपासून घ्यावें. शासनानें २०१४ सालीं काढलेल्या मार्गदर्शनाप्रमाणें गरोदरपणाच्या चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या द्यावयाच्या असतात. एकेकींत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम व ड जीवनसत्त्व असतें. या गोळ्या लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळीं घेऊं नयेत. मूल जन्मलें म्हणजे गोळ्या संपल्या, अशी समजूत करून घेऊन त्या कोनाड्यांत टाकणें हा शुद्ध अविचार होय.

परंतु हें सर्व ज्ञान त्या सरींत बसलेल्या बाईपर्यंत पोहोंचावें कसें? येथेंच आमच्या व्यवस्थेची खरी उणीव आहे. आशा कार्यकर्ती बाळंतपणानंतर घरीं येते. रुग्णालयांत बाळंत झालेल्या स्त्रीकडे बेचाळीस दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत, आणि पुढें तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पांच. या भेटींत मुलाचें वजन, श्वास, ताप व दूध पाहिलें जातें, तें योग्यच आहे. नवजात बालकाची घरीं काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं आमच्याच महाराष्ट्रांत, गडचिरोलींत सिद्ध केली, याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्याच बंग दांपत्यानें १९८९ सालीं आणखीहि एक गोष्ट जगापुढें मांडली होती. दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासल्या असतां शेंकडा ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला; आणि त्यापूर्वीं तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या शेंकडा ८ होत्या! पुढें ३९ गांवांतील ७७२ बाळंतिणींच्या पाहणींत निम्म्याहून अधिक स्त्रियांस प्रसूतींत किंवा नंतर कांहींना कांहीं व्याधि झालेली आढळली. या पाहण्या सांध्याच्या दुखण्याच्या नव्हत्या, हें खरें. पण कोणी विचारीपर्यंत बाई सांगत नाहीं, आणि ती सांगत नाहीं म्हणून तिला दुखत नाहीं असें आम्ही धरून चालतों, हा त्यांतील धडा येथेंहि तंतोतंत लागू आहे.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. आशाताईनें प्रत्येक भेटींत आईस एवढेंच विचारावें: "कूस बदलतांना, उठतांना, चालतांना दुखतें काय?" उत्तर होय आलें कीं तिला उपकेंद्रावर, व तेथून गरज पडल्यास व्यायामचिकित्सेसाठीं पाठवावें. हिंगोली येथें २०२४ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. १९९९ सालीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यास तो मोठाच लाभ होय. त्या महाविद्यालयानें व जिल्हा रुग्णालयानें मिळून आठवड्यांतून एक दिवस बाळंतिणींच्या व्यायामासाठीं राखून ठेवावा, आणि सेनगांव, कळमनुरी, औंढा व वसमत येथें महिन्यांतून एकदां तरी जाणता शिक्षक पाठवावा. यास नवा कायदा नको, नवी इमारतहि नको.

कोणी म्हणेल, पूर्वींच्या बायका शेतांत बाळंत होऊन दुसऱ्या दिवशीं कामास लागत. त्यांचें काय बिघडलें? यास आमचें उत्तर असें कीं, काय बिघडलें तें मोजावयास कोणी बसलेंच नव्हतें. ज्या मेल्या त्यांस आम्हीं नशीब म्हटलें, व ज्या चाळिशींतच वांकून चालूं लागल्या त्यांस म्हातारपण म्हटलें. दुसरी शंका याहून सयुक्तिक आहे. हातावर पोट असलेल्या बाईनें काम सोडावें कसें? ही शंका आम्हांस मान्य आहे, आणि म्हणूनच केवळ त्या बाईस उपदेश करून आम्ही थांबत नाहीं. मुंबईच्या कायदेमंडळांत १९२८ सालीं प्रसूतिलाभाचें बिल आलें असतां, प्रसूतीच्या आधीं व नंतर मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, असें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ठासून सांगितलें. १९२९ सालीं तो कायदा झाला. १९६१ सालीं सर्व देशासाठीं झाला. २०१७ सालीं भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण ही रजा नोंदलेल्या आस्थापनांतील स्त्रीस मिळते. सरींत उक्त्या कामावर आलेल्या मजुरणीस हजेरीपटच नाहीं, मग रजा कोठली? पहिल्या अपत्यासाठीं शासनाकडून मिळणारे ५,००० रुपये हा आधार खरा. पण तेवढ्यानें महिनोन् महिने चूल पेटत नाहीं.

जेथें कायद्याचा हात पोहोंचत नाहीं, तेथें व्यापाऱ्यांचा व बागाईतदारांचा पोहोंचतो. आमचे वाचक बहुधा याच वर्गांतील आहेत, म्हणून त्यांस आमची विनंति आहे. ज्या बाईचें मूल सहा महिन्यांच्या आंतील आहे तिच्या डोक्यावर टोपलें देऊं नये. तिला पाटावर बसून हळद निवडण्याचें काम द्यावें, व मजुरी इतरांइतकीच द्यावी. पट्टीवर काय काय कापून घ्यावें हें आमच्या व्यापाऱ्यांस कोणीं शिकवावें लागत नाहीं. त्याच कौशल्यानें प्रत्येक हंगामांत थोडी रक्कम बाजूस काढून बाळंतिणींसाठीं निधि उभारणें हिंगोली व वसमतच्या पेठांस अशक्य नाहीं. आणि ज्यांच्या घरीं शेत नाहीं, धंदा नाहीं, पण सून आहे, त्यांनीं निदान घागर स्वतः भरावी. पुरुषानें पाणी भरलें तर त्याची प्रतिष्ठा जाते ही समजूत ज्या दिवशीं जाईल, त्या दिवशीं आमच्या जिल्ह्यांतील निम्म्या कंबरा औषधावांचून बऱ्या होतील.

हळद ही आमच्याकडे सौभाग्याची खूण मानतात. जिच्या कपाळीं ती आम्ही लावतों, तिची कंबर मात्र त्याच हळदीच्या सरींत मोडूं देतों, ही विसंगति सुज्ञांस सांगणें नलगे. बाळंतपणाच्या वेदना निसर्गानें दिल्या असतील. त्यानंतर वर्षानुवर्षें राहणारी ही कळ मात्र निसर्गाची नव्हे. तिच्यांत पुष्कळसा वांटा आमचा आहे, आणि जेवढा आमचा आहे तेवढा आजपासून कमी करणें आमच्याच हातीं आहे.